शिव्या, संशय आणि सेवा : वृद्धनिवासातील अपशब्दांची हाताळणी

वृद्धनिवासात राहणाऱ्या आई-वडिलांनी सेविकेला शिव्या देणे, तिच्या जातीवरून बोलणे, तिच्यावर चोरीचा आळ घेणे किंवा अश्लील शेरे मारणे ही पुण्यातल्या बऱ्याच कुटुंबांना परिचित, पण चारचौघांत न बोलली जाणारी अडचण आहे. घरी असताना अशा बोलण्याचे साक्षीदार घरचेच असतात. वृद्धनिवासात मात्र ते बोलणे ‘मावशी’, ‘मामा’ म्हणवले जाणारे सेवक, नर्स, शेजारच्या खोलीतले रहिवासी आणि त्यांचे नातेवाईक अशा सगळ्यांच्या कानांवर पडते. एके दिवशी व्यवस्थापकाचा फोन येतो, ‘आजींसाठी कोणी बाई थांबायला तयार नाही’, आणि प्रश्न मुलांच्या दारात येऊन उभा राहतो.

या प्रश्नाला दोन बाजू आहेत. बोलणारी व्यक्ती बहुधा आजारी, घाबरलेली किंवा वेदनेत असते. ऐकणारी व्यक्ती आपल्या पोटापाण्यासाठी तिथे आलेली असते आणि तिलाही मान असतो. एकीची बाजू घेताना दुसरीला विसरले, की उपाय फसतो.

पुण्यातली पार्श्वभूमी

निराधार वृद्धांना आसरा देण्याची पुण्यातली परंपरा जुनी आहे. नवी पेठेतले डेव्हिड ससून अनाथ पंगुगृह, म्हणजे आजचे ‘निवारा’, १८६३ मध्ये सुरू झाले. गेल्या दोन-अडीच दशकांत या परंपरेला वेगळी जोड मिळाली. मुले अमेरिकेत किंवा बंगळूरला, पेन्शन आणि बचत हाताशी, पण सोबत नाही, अशा मध्यमवर्गीय ज्येष्ठांसाठी पाषाण, बाणेर, बावधन, हडपसर या भागांत ‘अथश्री’सारखे प्रकल्प उभे राहिले. शिवाय आंघोळ, कपडे, औषधे, चालणे यांत रोज मदत देणारी असिस्टेड लिव्हिंगची आणि स्मृतिभ्रंश झालेल्यांसाठीची स्वतंत्र केंद्रेही शहरात आणि आसपास निघाली.

या सगळ्या ठिकाणी हाताखालचे काम करणारा वर्ग बव्हंशी शहराबाहेरून आलेला असतो. मराठवाडा, विदर्भ, सोलापूरकडच्या बायका आणि तरुण मुले थेट नोकरीत किंवा सेवक पुरवणाऱ्या ब्युरोमार्फत येतात आणि बारा किंवा चोवीस तासांच्या ड्युट्या करतात. त्यांना ‘मावशी’, ‘ताई’, ‘मामा’ अशी नात्याची नावे मिळतात, तरी जात, वर्ग आणि बोलीभाषेतले अंतर तसेच राहते. पेठेतल्या वाड्यात आयुष्य काढलेल्या, सोवळे-ओवळे पाळलेल्या आजी आणि त्यांना आंघोळ घालणारी परक्या गावची बाई यांच्यात ठिणगी पडली, तर ती बहुधा याच अंतरावर पडते.

मेंदूतला बिघाड

शिव्यांमागचे सर्वांत महत्त्वाचे वैद्यकीय कारण म्हणजे डिमेन्शिया, अर्थात स्मृतिभ्रंश. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीनुसार साठी ओलांडलेल्या भारतीयांपैकी ७.४ टक्के, म्हणजे सुमारे ८८ लाख लोकांना हा विकार आहे. सर्वसाधारण समज असा, की यात फक्त विस्मरण होते. प्रत्यक्षात स्वभाव, वागणे आणि बोलणेही बदलते.

मनात आलेले सगळे तोंडावाटे बाहेर पडू न देण्याचे काम मेंदूचा पुढचा भाग करतो. १८४८ मध्ये अमेरिकेतल्या व्हर्मांट राज्यात रेल्वेमार्गाचे काम करणाऱ्या फिनिअस गेज या मुकादमाच्या डोक्यातून सुरुंगाच्या स्फोटाने लोखंडी पहार आरपार गेली. तो वाचला, बोलू-चालू लागला, पण पूर्वीचा सभ्य, जबाबदार माणूस आता शिवराळ आणि लहरी झाल्याचे त्याच्या डॉक्टरांनी नोंदवले. मेंदूच्या पुढच्या भागाचा स्वभावाशी असलेला संबंध या घटनेने वैद्यकशास्त्राच्या लक्षात आणून दिला. फ्रंटोटेम्पोरल डिमेन्शियात हाच भाग हळूहळू झिजतो. त्यात स्मरणशक्ती बरी असतानाच माणूस अघळपघळ, अश्लील किंवा निष्ठुर बोलू लागतो. अल्झायमर आजारात आणि पक्षाघातानंतरच्या स्मृतिभ्रंशातही पुढे असा बदल दिसू शकतो.

‘आईच्या तोंडून असे शब्द आम्ही कधी ऐकले नाहीत’, असे मुले हमखास सांगतात. शिवी तोंडात नसली तरी कानांवरून गेलेली असते, आणि ती मेंदूत साठते. विचारपूर्वक जुळवलेली वाक्ये आणि भावनेच्या भरात आपोआप निघणारे शब्द यांची मेंदूतली व्यवस्था काहीशी वेगळी आहे. १८६१ मध्ये फ्रेंच शल्यविशारद पॉल ब्रोका यांनी वर्णन केलेल्या रुग्णाची वाचा गेली होती. तो ‘टॅन’ एवढेच म्हणू शके, पण संतापला की एखादा शिवराळ उद्गार त्याच्या तोंडून स्पष्ट निघे. म्हणून शब्द हरवत चाललेल्या आजोबांना ‘पाणी हवे’ हे जुळवता येत नाही, पण शिवी मात्र अस्खलित येते. अशा वेळी शिवीचा खरा अर्थ बऱ्याचदा ‘थांबा’, ‘दुखते’ किंवा ‘मला भीती वाटते’ एवढाच असतो.

चोरीचा आळ हा त्याच आजाराचा दुसरा चेहरा. पाटल्या आपणच उशीच्या अभ्र्यात दडवल्या हे आजींना आठवत नाही. वस्तू जागेवर नाही, एवढेच दिसते. मधली रिकामी जागा मेंदू स्वतःच भरतो : खोलीत येते ती बाई, तेव्हा चोर तीच.

अचानक सुरू झालेल्या शिव्या

महिनोन्‌महिने हळूहळू वाढलेले अपशब्द आणि दोन दिवसांत उसळलेले अपशब्द यांत फरक करणे सर्वांत निकडीचे. परवापर्यंत शांत असलेली व्यक्ती आज ओरडते, माणसे ओळखत नाही, रात्री जागते आणि दिवसा ग्लानीत असते, अशी स्थिती असेल तर तो डिलिरियम, म्हणजे वातभ्रम असण्याची शक्यता मोठी. ती तातडीची वैद्यकीय बाब आहे.

लघवीतला जंतुसंसर्ग, न्यूमोनिया, शरीरातले पाणी किंवा सोडियम कमी होणे, साखर एकदम खाली जाणे, तुंबलेली लघवी, अनेक दिवसांचा बद्धकोष्ठ, पडल्यामुळे डोक्याला बसलेला मार ही त्याची नेहमीची कारणे. औषधेही कारण ठरतात : रक्तदाबासाठी दिलेल्या लघवीच्या गोळीने सोडियम घटू शकते. सर्दीच्या साध्या गोळ्या, झोपेच्या गोळ्या, लघवी आवरण्याची किंवा कंपवाताची काही औषधे म्हाताऱ्या मेंदूत गोंधळ माजवतात. वृद्धांत अशा संसर्गात ताप येईलच असे नाही, त्यामुळे बदललेले बोलणे हेच कधीकधी पहिले लक्षण असते. मूळ कारणावर उपचार झाले, की बोलणेही बहुधा पूर्ववत होते.

शांतपणे वाढत गेलेल्या त्रासातही काही कारणे सहज निसटतात. कवळी टोचते, गुडघा ठणकतो, पण सांगता येत नाही. कानाचे यंत्र बंद पडले आहे, म्हणून दारातली दोन माणसे आपल्याविषयीच कुजबुजताहेत असे वाटते. मोतीबिंदूमुळे संध्याकाळच्या अंधूक उजेडात मावशी परका माणूस भासते. उतारवयातले नैराश्यही रडण्याऐवजी चिडचिडीतून बाहेर पडू शकते.

मात्र सगळेच आजाराच्या खाती टाकता येत नाही. जन्मभर नोकरांवर ओरडणारा माणूस वृद्धनिवासातही ओरडतो. जातीचा अभिमान, बायकांविषयीचा तुच्छभाव, मुलांनी ‘टाकले’ याचा राग आणि घरातली सत्ता गेल्याचे दुःख यांनाही वाणी फुटते. ज्याला समोरचा माणूस कोण आहे आणि आपण काय बोलतो आहोत हे कळते, त्याच्याशी मोकळेपणाने बोलता येते आणि त्याला मर्यादाही घालता येते. म्हणून पहिले काम निदानाचे. वृद्धांवर उपचार करणारे फिजिशियन, मेंदुविकारतज्ज्ञ किंवा मनोविकारतज्ज्ञ यांच्याकडून तपासणी, रक्तातले सोडियम, साखर, थायरॉइड, बी-१२, लघवीची तपासणी आणि गरज असल्यास मेंदूचा स्कॅन एवढे झाले, की पुढची दिशा ठरते.

वहीतल्या नोंदी

‘आजी दिवसभर शिव्या देतात’ हे वाक्य उपयोगाचे नसते. शिव्या केव्हा, कुठे, कोणाला आणि कशानंतर दिल्या, हे आठवडाभर वहीत लिहिले की चित्र बदलते. नोंदीत चार गोष्टी पुरतात : वेळ, आधी काय घडले, काय बोलल्या, नंतर लोकांनी काय केले.

उदाहरणादाखल एखादी नोंद अशी दिसेल. सकाळी ७. आंघोळीसाठी उठवले. मावशींनी मागून येऊन पदर सोडला, कानाचे यंत्र काढून ठेवले. आजींनी जातीवाचक शिवी दिली, तांब्या फेकला. दोघींनी धरून आंघोळ उरकली. दुपारी शांत. दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशीही तेच. रविवारी आंघोळ अकराला झाली, त्या दिवशी काहीच नाही.

या नोंदीवरून कळते, की भांडण आंघोळीच्या पद्धतीशी आहे. न ऐकू येणाऱ्या बाईच्या अंगावर अचानक मागून हात पडतो, कपडे काढले जातात, पाणी अंगावर येते. तिच्या दृष्टीने हा हल्लाच. मग बदल ठरतो : आंघोळ अकराला, यंत्र शेवटच्या क्षणापर्यंत कानात, समोरून येऊन चेहरा दाखवणे, पाणी आधी हातावर ओतून दाखवणे, अंगावर पंचा राहू देणे, तांब्या त्यांच्याच हातात देणे. रोज पूर्ण आंघोळीचा हट्ट सोडून एक दिवसाआड अंग पुसले तरी बिघडत नाही.

संध्याकाळचा प्रहर बऱ्याच जणांना जड जातो. दिवे लवकर लावणे, चहा-खाणे वेळेत देणे, दुपारची झोप आवरती घेणे, टीव्हीवरच्या आरडाओरडीच्या चर्चा बंद ठेवणे आणि ओळखीचे काही देणे, जसे वाती वळणे, शेंगा सोलणे, रेडिओवरची जुनी गाणी, यांचा उपयोग होतो.

त्या क्षणी काय करावे

शिव्यांचा भडिमार सुरू असताना वाद घालून कोणी जिंकत नाही. ‘असं बोलायचं नाही, किती वेळा सांगितलं?’ हे स्मृतिभ्रंश झालेल्या व्यक्तीला उमगत नाही. फक्त आवाजातला राग पोहोचतो आणि आगीत तेल पडते. एक पाऊल मागे, आवाज खाली, वाक्य छोटे आणि चेहरा समोर, हा पहिला नियम. आसपासच्या इतरांनी हसणे, दटावणे किंवा घोळका करणे टाळावे. काम तातडीचे नसेल आणि व्यक्ती सुरक्षित असेल, तर दहा-पंधरा मिनिटांनी परत यावे. तोवर विषय विसरला जाण्याची शक्यता असते.

शब्दांऐवजी त्यामागच्या भावनेला उत्तर द्यावे. ‘तूच माझ्या पाटल्या चोरल्यास’ यावर ‘मी कशाला चोरू?’ म्हटले की भांडण पेटते. ‘आजी, पाटल्या सापडत नाहीत का? काळजी वाटणारच. चला, दोघी मिळून शोधू’, असे म्हणून शोधायला लागले की बहुतेक वेळा पारा उतरतो. वस्तू आजींनाच सापडू द्यावी. सेविकेने ती एकटीने शोधून दिली, तर ‘बघा, हिच्याचकडे होती’ असे होते. खरे दागिने मुलांनी लॉकरमध्ये ठेवून साध्या बांगड्या हाताशी ठेवणे हा रोजचा तंटा मिटवण्याचा सोपा मार्ग. आळाची प्रत्येक तक्रार वहीत लिहिली, तर सेविकेवर नाहक संशय राहत नाही आणि खरीच चोरी झाली असेल तर तीही लपत नाही.

समजून-उमजून बोलणाऱ्या व्यक्तीच्या बाबतीत सूर वेगळा असतो. ‘काका, तुम्हाला राग आला असेल, पण या शब्दांत बोललात तर मी आत्ता बाहेर जाते. शांत झालात की येते’, असे सेविकेने म्हणावे आणि तसेच करावे. संस्थेने तिच्या पाठीशी उभे राहावे. मुलांनीही तेच शब्द वापरावेत. आज दटावणे, उद्या हसण्यावारी नेणे, परवा माफी मागायला लावणे यांतून काही साधत नाही.

औषधांचे स्थान

उपाय म्हणून झोपेची किंवा ‘शांत ठेवण्याची’ गोळी मागण्याचा मोह घरच्यांना आणि संस्थेला दोघांनाही होतो. स्मृतिभ्रंश झालेल्या वृद्धांमध्ये अँटीसायकोटिक औषधांमुळे मृत्यूचा धोका वाढतो, असा ठळक इशारा अमेरिकेच्या अन्न आणि औषध प्रशासनाने २००५ मध्ये दिला. पक्षाघात, पडणे, ताठरपणा हेही धोके आहेत, आणि लेवी बॉडी प्रकारच्या स्मृतिभ्रंशात तर ही औषधे गंभीर त्रास देऊ शकतात. व्यक्तीच्या किंवा इतरांच्या जिवाला धोका असेल, भास फार त्रास देत असतील आणि बाकीचे उपाय थकले असतील, तेव्हा तज्ज्ञ डॉक्टर कमीत कमी मात्रेत, ठरावीक मुदतीसाठी ती देतात आणि काही आठवड्यांनी फेरविचार करतात. नैराश्य किंवा वेदना हे मूळ असेल, तर त्यावरचे औषधच शिव्या कमी करते. डॉक्टरांच्या चिठ्ठीविना जेवणात गोळी कालवणे किंवा हातपाय बांधून ठेवणे ही मारहाणीच्याच जातीची वागणूक आहे.

जातीवरून आणि बाईपणावरून

जातीवाचक शिवी आणि अश्लील बोलणे यांचा विचार वेगळा करावा लागतो, कारण या शब्दांमागे ऐकणाऱ्याने आयुष्यभर सोसलेले असते. ‘म्हातारं माणूस आहे, मनावर घेऊ नका’ हे वाक्य घरच्यांना सोपे आणि सेविकेला जड जाते.

अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्तीला हेतुपुरस्सर जातीवरून लोकांसमक्ष अपमानित करणे हा १९८९ च्या अत्याचार प्रतिबंधक कायद्यानुसार गुन्हा आहे. कृत्याचे स्वरूप किंवा ते चूक आहे हे मनाच्या विकारामुळे कळूच शकत नसेल, तर भारतीय न्याय संहितेचे कलम २२ त्या व्यक्तीला संरक्षण देते. पण हे संरक्षण वय झाले म्हणून आपोआप मिळत नाही. प्रगत स्मृतिभ्रंश आणि शाबूत डोक्याने केलेला अपमान यांत कायदाही फरक करतो. लैंगिक छळाविरुद्धचा २०१३ चा कायदा शुश्रूषागृहांना आणि राहत्या घरांनाही कामाचे ठिकाण मानतो. कामाच्या ठिकाणी संबंध येणाऱ्या बाहेरच्या व्यक्तींपासूनही कर्मचारी स्त्रीला सुरक्षित ठेवणे हे मालकाचे कर्तव्य आहे. दहा किंवा अधिक कर्मचारी असतील तर संस्थेत अंतर्गत समिती लागते. त्याहून लहान जागी जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे दाद मागता येते.

कायद्यापर्यंत न जाताही कुटुंबाला बरेच करता येते. घडलेला प्रकार कळला, की मुलांनी त्या सेविकेशी स्वतः, नावानिशी बोलावे : ‘ताई, आई जे बोलली ते आम्हाला मान्य नाही. ती आजारी आहे, पण तुम्हाला ते ऐकावं लागलं याचं आम्हाला वाईट वाटतं.’ आजार काय आहे, हे तिला समजावून सांगावे. तिला दुसऱ्या रहिवाशाकडे जायचे असेल, तर पगार न कापता तशी सोय व्हावी. पण ‘आमच्या जातीची बाई पाठवा’ ही मागणी ब्युरोकडे किंवा संस्थेकडे करणे म्हणजे तोच भेद घरच्यांनी पुढे चालवणे होय. पुरुषांच्या अश्लील बोलण्यावर आंघोळीसाठी मामांची नेमणूक, दोघांनी मिळून काम करणे आणि दार उघडे ठेवणे असे बदल लगेच करता येतात.

सेविकेची थकवणारी ड्युटीही विसरता येत नाही. चोवीस तास एकाच खोलीत शिव्या ऐकणारी बाई कधीतरी उलटून बोलते, कधी हातही उचलते. अंगावरचे वळ, कोणी जवळ आले की दचकणे, ठरावीक माणसाच्या ड्युटीतच होणारा आरडाओरडा या खुणा घरच्यांनी पाहाव्यात. शिव्या देणारी म्हातारी व्यक्ती स्वतः छळ सोसत असण्याचीही शक्यता असते.

इतर रहिवासी, संस्था आणि करार

जेवणघरात एकाने शिव्या दिल्या की दहा जणांचे जेवण कडू होते. चारचौघांची गर्दी सोसत नसेल तर जेवणाची वेळ थोडी अलीकडे घेणे, भिंतीकडची जागा आणि शांत स्वभावाचा शेजार देणे पुरते. कायम खोलीत ताट पाठवले तर एकटेपणाने चिडचिड वाढते. शेजाऱ्यांना कितपत सांगायचे हे कुटुंबाने ठरवावे. ‘त्यांना आजार आहे, त्या तुमच्यावर रागावलेल्या नाहीत’ एवढे सांगितले तरी गैरसमज निवळतात.

ज्येष्ठांच्या गृहप्रकल्पांसाठीची केंद्र सरकारची २०१९ ची आदर्श मार्गदर्शक तत्त्वे आणि महारेराने २०२४ मध्ये आणलेले नियम यांचा भर इमारत, सुविधा आणि व्यवहार यांवर आहे. रोजच्या सेवेतल्या अशा प्रसंगांत करारच कामी येतो. प्रवेशाच्या वेळीच विचारून घ्यावे : स्मृतिभ्रंशाच्या रुग्णांची काळजी घेण्याचे प्रशिक्षण कर्मचाऱ्यांना आहे का, रात्री एका मावशीकडे किती जण असतात, डॉक्टर किती वेळा येतात, वागणुकीच्या कारणावरून रहिवाशाला हलवायचे झाल्यास किती दिवसांची सूचना मिळते, अनामत रक्कम कशी परत होते. आईचा स्वभाव, तिला न रुचणाऱ्या गोष्टी, पूर्वीचे भांडण-तंटे लपवू नयेत. संस्थेला आधी कळले तर ती तयारीत राहते.

परदेशातल्या मुलांना व्हिडिओ कॉलवर आई गोड दिसते, कारण ती त्या पाच मिनिटांपुरती सावरते. म्हणून व्यवस्थापकाची तक्रार ‘बहाणा’ समजू नये. पुण्यातला एक नातेवाईक किंवा विश्वासू मित्र स्थानिक पालक म्हणून नेमावा. त्याने महिन्यातून एकदा वेगवेगळ्या वेळी भेट द्यावी आणि नोंदवही पाहावी. ज्येष्ठांसाठीची राष्ट्रीय एल्डरलाइन १४५६७ आणि मानसिक आरोग्यासाठीची टेलीमानस १४४१६ या मोफत क्रमांकांवरही सल्ला मिळतो. पार्किन्सन्स मित्रमंडळासारखे पुण्यातले स्वमदत गट रुग्णांबरोबर घरच्यांनाही एकमेकांच्या अनुभवाचा आधार देतात.

जागा बदलण्याची वेळ

फेकाफेक, मारणे, चावणे सुरू झाले, दुसऱ्या रहिवाशाला धोका निर्माण झाला किंवा रात्रभर दोन माणसे लागू लागली, तर साध्या असिस्टेड लिव्हिंगची मर्यादा संपते आणि स्मृतिभ्रंशासाठीच्या केंद्राचा विचार करावा लागतो. जागा बदलली की काही आठवडे त्रास वाढतो. ओळखीची चादर, देवघरातली तसबीर, जुने घड्याळ सोबत नेले आणि आंघोळ, जेवण, औषधे यांची माहिती लिहून दिली, तर हा काळ सुकर होतो.

शिव्या पूर्णपणे थांबतीलच असे नाही. दिवसातून दहादा येणारा प्रसंग दोनदा आला, सेविका टिकली, आजींना विनाकारण गोळी लागली नाही आणि मुले भेटीला येताना कचरली नाहीत, तर व्यवस्था नीट चालली आहे असे समजावे. आजार पुढे सरकतो तसे वागणेही बदलते. आज लागू पडणारा उपाय चार महिन्यांनी पडेलच असे नाही, म्हणून डॉक्टर, संस्था आणि कुटुंब यांनी दर दोन-तीन महिन्यांनी एकत्र बसून नोंदी पाहाव्यात आणि पुढचे ठरवावे. त्या बैठकीत रोज आंघोळ घालणाऱ्या मावशींनाही खुर्ची असावी, कारण सर्वांत जास्त माहिती त्यांच्याकडेच असते.